साधा ऑटोक्लेव्ह घ्यावा की बी-क्लास?

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र. इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या दोन खुर्च्यांच्या दातांच्या क्लिनिकमध्ये साधा, म्हणजे एन-क्लास ऑटोक्लेव्ह ९ वर्षं चालला. गेली ३ वर्षं बी-क्लास, म्हणजे आतली हवा पंपाने ओढून काढणारा, आहे. इथे नवं क्लिनिक टाकणारी मुलं हेच विचारतात, म्हणून लिहितो. अवजारं ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात २० मिनिटं बुडवून ‘स्टराइल झालं’ म्हणणारे अजून आहेत. त्यात निर्जंतुक व्हायला १० तास लागतात. तो पर्याय मी धरतच नाही.

साधा यंत्र म्हणून गुणी. स्वस्त, आणि गॅस्केट गेलं तर गावातला मेकॅनिक अर्ध्या तासात बसवून देतो. आरसा, प्रोब, चिमटे उघड्या ट्रेमध्ये ठेवून लगेच वापरणार असाल, तर तक्रारीला जागा नाही.

माझं बिनसलं ते पाऊचवरून, म्हणजे अवजारं ज्या कागदी पाकिटात बंद करून यंत्रात घालतात त्यांवरून. सायकल संपली की पाऊच ओलेच निघायचे. ओल्या कागदातून जंतू सहज आत शिरतात, म्हणजे १२१ अंशांवरची सगळी मेहनत पाण्यात. तरी मी ते ट्रेवर पसरून पंख्याखाली ठेवायचो. श्रावणात एकदा एक काकू खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, “डॉक्टर, पापड वाळत घातलेत का?” मी हसलो खरा, पण दिवसभर कुठलाही पाऊच फोडताना हात अडखळत होता.

खरं तर हँडपीसच्या, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलच्या, आतल्या बारीक नळ्यांमुळे यंत्र बदलायला हवं होतं. आत अडकलेली हवा निघाल्याशिवाय वाफ पोहोचत नाही. बी-क्लास ती आधी ओढून काढतो आणि शेवटी पाऊचही कोरडे करतो. हे कॉलेजात शिकलो होतो, पण हललो पापडांमुळे.

बी-क्लासचे नखरे आहेत, लपवत नाही. किंमत दुखते. १३४ अंशांवर ४ मिनिटं हे कागदावर. व्हॅक्यूम आणि वाळवण धरून माझ्याकडे पाऊण तास जातो. त्यामुळे ३ हँडपीसवर भागत होतं, तिथे ७ घ्यावे लागले. पाणी फक्त डिस्टिल्ड. मदतनिसाने एकदा बोअरिंगचं ओतलं, तर यंत्र सुरूच होईना. टाकी रिकामी करून धुण्यात सकाळ गेली. आणि स्पोअर टेस्ट, म्हणजे चिवट जंतूंचे बीजाणू आत ठेवून ते मरतात का हे बघणं, दर आठवड्याला करायचीच, यंत्र कुठलंही असो. पाकिटावर लावायच्या इंडिकेटर टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे उष्णता लागली, एवढंच कळतं.

हातात पैसा कमी असेल तर साध्यावर सुरुवात करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण इम्प्लांट करायचे असतील, किंवा पाऊच कपाटात ठेवून वापरायचे असतील, तर खुर्ची थोडी कमी भारी घ्या आणि पैसे इकडे लावा, असं आपलं मला वाटतं.

डेमोला विक्रेता रिकाम्या ट्रेवर सायकल दाखवतो. आपले हँडपीस पाऊचमध्ये घालून घेऊन जा, ट्रे पूर्ण भरा, आणि शेवटी कागदावर अंगठा दाबून बघा.