सिल्व्हर्टनला (कोलोरॅडो) जाताय तर ओल्ड हंड्रेड खाणीची टूर सोडू नका

जुलैमध्ये आईबाबा आले होते तेव्हा सिल्व्हर्टनला गेलो. बरेच जण ड्युरँगोहून वाफेच्या गाडीने येतात, १८८२ साली चांदी वाहून आणायला टाकलेली नॅरोगेज लाइन, एका बाजूचे साडेतीन तास, अ‍ॅनिमस नदीच्या काठाकाठाने, प्रवास अप्रतिमच, पण गावात जेमतेम दोन तास मिळतात आणि ते जेवण नि टीशर्टच्या दुकानांतच जातात. म्हणून आम्ही कारने गेलो आणि मुक्काम केला, माझ्या मते हेच बरोबर.

खाण गावाबाहेर ५ मैलांवर, शेवटचा रस्ता कच्चा आहे पण साधी कार जाते. हेल्मेट नि रेनकोट तेच देतात, मग छोट्या गाडीत बसून डोंगराच्या पोटात साधारण अर्धा किलोमीटर आत! आत ९ डिग्री, भर उन्हाळ्यात स्वेटर लागतोच.

खरी मजा म्हणजे मशिनं नुसती मांडून ठेवलेली नाहीत, चालवून दाखवतात. कॉम्प्रेस्ड हवेवरचं ड्रिल सुरू झालं तेव्हा छातीत हादरा बसला. जुन्या ड्रिलना पाणी नसायचं, सगळी दगडाची पूड कामगारांच्या फुफ्फुसात जायची, किती पोरं तरुणपणीच गेली असतील. सुरुंगाची भोकं सगळी एकदम उडवत नाहीत, आधी मधली, म्हणजे बाजूच्या दगडाला फुटून पडायला जागा होते. बाबा आयुष्यभर कारखान्यात राबलेले, त्यांचे प्रश्न संपेचनात आणि गाइडने एकेकाचं नीट उत्तर दिलं, त्याला पूर्ण मार्क.

इथल्याच सनीसाइड खाणीत ४ जून १९७८ ला वरचा एमा तलाव फुटून अख्खा आत कोसळला. रविवार होता म्हणून आत कुणी नव्हतं. हे वाचून गेलात तर त्या अंधारात उभं राहताना वेगळंच वाटतं.

बाहेर आल्यावर पाटीत वाळू चाळून सोनं शोधायला देतात, तिकिटातच आहे, लहान मुलं तिथून हलत नाहीत.

गाव ९३०० फुटांवर आहे, पहिल्या दिवशी आईला जिना चढतानाही धाप लागत होती, तेव्हा पाणी भरपूर प्या नि आल्या आल्या दगदग करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी हमखास पाऊस येतो, टूर सकाळचीच घ्या. शाकाहारी असाल तर गावात फार पर्याय नाहीत, आम्ही ठेपले नेले होते ते कामी आले.