बाबांचे 15 लाख: सीनियर सिटीझन स्कीम की पोस्टाची एमआयएस?

बाबा रिटायर झाले तेव्हापासून घरात एकच चर्चा, पैसे ठेवायचे कुठं. सीनियर सिटीझन स्कीमला आत्ता 8.2 टक्के आहे, म्हणजे 15 लाखांवर दर तीन महिन्यांनी 30,750 खात्यात, लिमिट 30 लाख आणि जुन्या टॅक्स रिजीममध्ये 80सीची टॅक्स सूट पण मिळते. एमआयएसला, म्हणजे मंथली इन्कम स्कीमला, 7.4 टक्के, एकट्याला 9 लाखच, जॉइंट केलं तर 15, पण दर महिन्याला 9,250 येतात.

आई म्हणते, दूधवाला न् मेडिकलवाला तीन महिने थांबत नाही बाप्पा! खरं आहे, मे महिन्यात तर आमच्याकडे दोन कूलर दिवसरात्र चालतात, लाइटचं बिल पाहूनच घाम फुटतो.

तरी मी सीनियर सिटीझनच म्हणेन, वर्षाला सरळ 12 हजार जास्त, महिन्याचा हिशोब काय, जमवता येतो. पाच वर्षं रेट मात्र दोन्हीत तोच, बीपीच्या गोळ्या महागल्या तरी व्याज वाढत नाही, ही गोष्ट कोणी बोलतच नाही.

बाबा काल धरमपेठच्या पोस्टातून दोन्ही फॉर्म घेऊन आले. टीव्हीखाली पडले आहेत.