राजम्यावरील मूळकुजीसाठी ट्रायकोडर्मा भुकटी : एका हंगामाचा अभिप्राय

बीड-धाराशिवकडच्या भारी रानात रब्बीला राजमा घेणाऱ्यांना मूळकूज ओळखीची आहे. खालची पाने पिवळी पडून खुंटलेले झाड उपटले की सोटमुळावर आधी तांबूस आणि पुढे गडद तपकिरी झालेले पट्टे व उभ्या चिरा दिसतात, तर जमिनीलगत नव्याने फुटलेल्या बारीक मुळ्यांवर झाड कसेबसे तगलेले असते. हा रोग करणाऱ्या फ्युजेरियम सोलॅनी या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे रोग दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा पेरणीआधीच बंदोबस्त करावा, या विचाराने मी ट्रायकोडर्मा व्हिरिडी या मित्रबुरशीची १ टक्का भुकटी घेतली.

किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम भुकटी चोळली आणि एकरी १ किलो भुकटी ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत दिली. भुकटी चिकटावी म्हणून बियाणे ओले करताना जपावे: राजम्याची साल पातळ असल्याने पाणी जास्त झाले तर ती सुरकुतून सुटते, म्हणून पाण्याचा नुसता शिपका पुरे. हे पिशवीवर कुठेही लिहिलेले नाही आणि ते लिहायलाच हवे. ही मित्रबुरशी रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालते, त्यांच्या पेशीभित्ती विरघळवते आणि मुळाभोवतीची जागा आधीच व्यापते. निचऱ्याच्या पट्ट्यात उगवण एकसारखी झाली आणि झाडे मरण्याचे प्रमाण शेजारच्या, प्रक्रिया न केलेल्या ओळींपेक्षा स्पष्टपणे कमी राहिले. सखल कोपऱ्यात मात्र पाणी साचून जमीन घट्ट झाली होती, तिथे भुकटी असूनही मुळे कुजली. निचरा नसेल तर हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी तक्रार विक्रीव्यवस्थेबद्दल आहे. ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असणे अपेक्षित असलेला हा माल मी पाहिलेल्या एका दुकानात तापलेल्या पत्र्याखाली, रासायनिक औषधांच्या खोक्यांना टेकून ठेवलेला होता. जिवंत बुरशी अशी साठवली, तर शेतकऱ्याच्या हाती नुसती शंखजिऱ्याची पूड येणार. त्यामुळे उत्पादनाची तारीख आणि मुदत वाचल्याशिवाय पिशवी घेऊ नये, आणि त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक लावू नये, कारण ते ट्रायकोडर्मालाही मारते.

ताजा माल मिळाला तर मी हीच भुकटी पुन्हा घेईन, पण फक्त वरच्या पट्ट्यासाठी. सखल कोपऱ्यात यंदा ज्वारी पेरणार आहे.