वापरलेलं तेल: गाळून टाकीत, बायोडिझेल करून, की देऊन टाकायचं?

आमच्या फरसाणाच्या दुकानात आठवड्याला दीड-दोन डबे तेल बाद होतं. शेव, पापडी, भजी तळून काळवंडलेलं तेल पुन्हा कढईत घालायचं नाही, हे वडिलांच्या वेळेपासून ठरलेलं. मग जायचं कुठे? दारात डिझेलची पिकअप उभी असली की मनात एकच विचार येतो: हे तेल तिच्या टाकीत चालेल का? तो तुमच्याही मनात आला असेल, म्हणून चार वर्षांत जे करून पाहिलं आणि जे विचारपूर्वक टाळलं, ते समोरासमोर मांडतो.

वाटा तीन आहेत. तेल गाळून, त्यातलं पाणी काढून तसंच इंजिनाला द्यायचं. मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची प्रक्रिया करून त्याचं बायोडिझेल करायचं. नाहीतर तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला देऊन टाकायचं.

डिझेल इंजिन तेलावर चालतं, यात नवल काही नाही. पॅरिसच्या 1900 सालच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. अडचण दाटपणाची आहे. 40 अंशांना डिझेलचा दाटपणा साधारण 2 ते 4.5 सेंटीस्टोक (दाटपणाचं माप) असतो, खाद्यतेलाचा 30 ते 40. जुन्या, संथ इंजिनाला हे चालून जातं. आताच्या कॉमन रेल गाडीत इंधन हजार-दीड हजार बारच्या दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून फवारलं जातं. तिथे दाट तेलाचा फवारा नीट फुटत नाही, अर्धवट जळतं आणि नोझलवर काजळी धरते. बीएस-6 गाडीत, म्हणजे धुराचे नवे कडक निकष पाळणाऱ्या गाडीत, आणखी एक संकट आहे. धूर गाळणारी जाळी साफ करताना इंजिन जास्तीचं इंधन सोडतं. तेल डिझेलसारखं उडून जात नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल घट्ट होत जातं. अशी गाडी असेल तर पहिली वाट तुमच्यासाठी नाही, हे मी ठामपणे सांगतो.

आता गाळण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लोक काळा गाळ आणि बेसनाचे कण काढले की तेल साफ झालं असं धरतात. खरी घाण डोळ्यांना दिसत नाही: पाणी आणि तळून तळून वाढलेलं आम्ल. पाण्याने पंप गंजतो, आम्ल पितळ-तांबं खातं.

मी तेल आधी जुन्या सुती पंचातून गाळतो आणि पिंपात दोन-तीन आठवडे उन्हात ठेवतो. पिंपाची तोटी तळापासून वीतभर वर बसवली आहे. पाणी आणि गाळ खाली बसतो, वरचं तेवढंच घ्यायचं. ते कोमट असतानाच घरच्या आरओला लागतो तसल्या पांढऱ्या पाच मायक्रॉनच्या कार्ट्रिजमधून सोडतो. शेवटची परीक्षा कढईतच होते. पळीभर तेल तापवायचं आणि कान देऊन ऐकायचं. तडतडलं तर पाणी आहे, पुन्हा पिंपात. गप्प राहून नुसतं तापलं तर पुढे जायचं.

तेल कोणतं, हेही बघा. पामोलिन गारठ्यात गोठतं. पहिल्या वर्षी मी ते डिझेलमध्ये मिसळून पिकअपमध्ये घातलं. डिसेंबरच्या पहाटे नाशिकहून निघालो आणि इगतपुरीच्या अलीकडे गाडी दम तोडत थांबली. फिल्टर उघडला तर आत थिजलेल्या तुपासारखा पांढरा लगदा. थंडी मी हिशेबात धरलीच नव्हती. सोयाबीन आणि सूर्यफुलाचं उलट आहे. ती गोठत नाहीत, पण हवा लागून हळूहळू चिकट होतात. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणामुळे, ते वाळतं म्हणून. या दोघांत तो गुण कमी, पण इंजिनात तेवढाही नको. शेंगदाणा त्या मानाने बरा.

दुसरी वाट कागदावर सगळ्यात सुंदर. 100 लिटर तेलाला साधारण 20 लिटर मिथेनॉल, थोडा कॉस्टिक पोटॅश, 55-60 अंशांची ऊब, आणि खाली ग्लिसरीन बसून वर पातळ इंधन तरंगतं. दाटपणा डिझेलच्या जवळ येतो. तेलात आम्ल किती आहे हे मोजून कॉस्टिक ठरवावं लागतं, आणि तेलात पाणी राहिलं तर इंधनाऐवजी साबण होतो. हळद कॉस्टिकमध्ये लाल होते, म्हणून आम्ल मोजायला काही जण हळदच वापरतात. कुंकू करताना हळदीला चुना लागून जे होतं, तेच.

पण मिथेनॉल मी घरात आणणार नाही. ते 65 अंशांना उकळतं, म्हणजे प्रक्रियेच्या उष्णतेपासून पाच-दहा अंशांवर. ठिणगी मिळाली तर त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाच पेट घेते आणि उन्हात ज्योत दिसतसुद्धा नाही. कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं, डोळे जातात. मुंबईतल्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. आपल्याकडे ते विषारी पदार्थांत मोडतं आणि परवान्याशिवाय बाळगता येत नाही. शिवाय घरगुती बायोडिझेल धुवायचं, वाळवायचं, ग्लिसरीनची विल्हेवाट लावायची. बायोडिझेल जुने रबरी पाइप फुगवतं आणि टाकीचा वर्षानुवर्षांचा मळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. रसायनाचं शिक्षण, मोकळी शेड आणि परवाना तिन्ही असेल तरच याचा विचार करा.

तिसऱ्या वाटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण बहुतेकांनी तीच घ्यावी. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 1 जुलै 2018 पासून तेलातल्या एकूण ध्रुवीय घटकांची (तळून तळून तेल बिघडल्याने वाढणारे घटक) मर्यादा 25 टक्के केली आहे. त्यावर गेलेलं तेल खाण्यात येता कामा नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं तेल बायोडिझेलकडे वळवण्याचा रुको उपक्रम आला. दिवसाला 50 लिटरवर तेल लागत असेल तर नोंदवही ठेवावीच लागते. माझ्या दृष्टीने याचं मोल पैशापेक्षा मोठं आहे. हे तेल स्वस्तात उचलून दुसऱ्या हातगाडीवर पुन्हा कढईत घालणारे आहेत, आणि ते तळण पोरं शाळेतून येताना खातात. म्हणून पोचपावती दिल्याशिवाय मी कुणालाही डबा उचलू देत नाही.

मी काय ठरवलं? पिकअप फक्त पंपावरच्या डिझेलवर. शेतावर विहिरीला राजकोटचं सहा हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन आहे, मिनिटाला 650 फेरे घेणारं. ते डिझेलवर सुरू करतो, तापलं की कॉक फिरवून चार भाग डिझेल, एक भाग साफ शेंगदाणा तेल असं मिश्रण देतो, आणि बंद करण्याआधी दहा मिनिटं पुन्हा नुसतं डिझेल. दर हंगामाला नोझल काढून बघतो. थंडीत तेही बंद. बाकीचे डबे महिन्याच्या पहिल्या सोमवारी टेम्पो येतो, त्यात जातात.