सुया वाटायच्या ठरल्या. आता खोली घ्यावी की झोळी?

इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये काम सुरू करू पाहणाऱ्या लहान संस्थांपुढे साधारण एकाच टप्प्यावर एक पेच येतो. एकमेकांच्या सुया वापरून एचआयव्ही, हिपॅटायटिस पसरू नये म्हणून निर्जंतुक सुया-सिरिंज द्यायला हव्यात हे पटलेलं असतं, ‘आपणच नशेला मदत करतोय का’ हा वाद बैठकीत होऊन गेलेला असतो. मग विचार सुरू होतो की आधी भाड्याची खोली घेऊन ड्रॉप-इन सेंटर, म्हणजे नशा करणाऱ्यांना येऊन बसता येईल असं केंद्र, उघडावं, की दोन कार्यकर्त्यांच्या खांद्यावर झोळी देऊन त्यांना थेट हॉटस्पॉटवर, म्हणजे नशा करणारे जमतात तिथे, पाठवावं. दोन्ही एकदम करण्याइतका पैसा पहिल्या वर्षी फार थोड्यांकडे असतो. मुंबईच्या हार्बर पट्ट्यात मी आधी खोली चालवली आणि नंतर झोळीकडे वळलो. तुमच्या गावची परिस्थिती वेगळी असू शकेल, तेवढं धरून पुढचं वाचावं.

कायद्याचं आधी उरकतो, कारण ते दोन्हींना सारखंच लागू आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ प्रमाणे लागण टाळण्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केलेलं काम गुन्हा ठरत नाही. ‘सूचनांनुसार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. म्हणून पहिली सुई वाटण्याआधी मुंबईत मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेशी आणि बाहेर डापकूशी, म्हणजे जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षाशी, बोलून घ्या. आपल्या भागात कुणाचा टीआय (जोखमीच्या गटांसाठीचा सरकारी मदतीचा) प्रकल्प आधीच चालू असेल तर त्यांच्याशी जोडून काम करणं सगळ्यांच्याच सोयीचं.

आता खोलीविषयी. खोलीची बाजू घेणारे लोक चुकीचं सांगत नाहीत. खोलीत नर्स बसू शकते आणि गळू धुऊन ड्रेसिंग करता येतं. वर्षानुवर्षं इंजेक्शन घेणाऱ्याच्या पायावरची जखम पाहिली असेल तर हे केवढं मोठं काम आहे ते सांगायला नको. अंघोळीला पाणी असतं, दोन तास कुणी न हुसकावता झोपता येतं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सीची तपासणी शांतपणे होते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस-सीची औषधं मोफत मिळतात, त्यामुळे या तपासणीला आता खरा अर्थ आला आहे. पुढे ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे नशेऐवजी देखरेखीखाली द्यायच्या औषधाच्या, उपचाराची सोय करायची असेल तर छप्पर लागतंच. वापरलेल्या सुयांचा साठाही एका जागी राहतो आणि जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी दारात येते. कागदोपत्रीही खोली सरस आहे. रजिस्टर नीट राहतं, भेट द्यायला आलेल्या अधिकाऱ्यांना दाखवायला काहीतरी असतं.

तरी माझं मन खोलीवरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे, ती म्हणजे वेळ.

आमचं शटर सकाळी दहाला उघडायचं. त्याआधी उघडायचं नाही अशी घरमालकाची अट होती. समोरून शाळेची मुलं जातात, त्या वेळी दारात ‘गर्दुल्ले’ नकोत, असं त्याचं म्हणणं. शेजारच्यांचंही तेच होतं. त्यांच्या भीतीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही, पण तिचा परिणाम असा झाला की सुई जेव्हा लागते नेमकी तेव्हा ती कुलपात असायची. ब्राउन शुगर घेणाऱ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. भंगार, प्लास्टिक वेचणारे अंधारात बाहेर पडतात, मंडईत हमाली करणारे त्याहून आधी. झोपेतून उठतानाच टर्की, म्हणजे नशा उतरल्यावरचा त्रास, लागलेली असते. अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहत असतात, पोटात कळा येतात. पुडी मिळाली की माणूस दहा मिनिटंही थांबत नाही, मग दहा वाजेपर्यंत कुठून थांबणार? नवी सुई नसेल तर भिंतीच्या फटीत खोचून ठेवलेली कालची सिरिंज निघते. ती आपलीच आहे की सोबत्याची, हे त्या अवस्थेत कोण बघतं? हिपॅटायटिस-सीचा विषाणू प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये नऊ आठवड्यांपर्यंत जिवंत सापडला आहे. म्हणजे लागण होण्याची सगळ्यात मोठी वेळ पहाटेची, आणि आम्ही चहा पिऊन दहाला बसणार.

आदल्या दिवशी जास्त सुया देऊन पाहिल्या. त्याचा उपयोग झाला, पण पुरेसा नाही. फूटपाथवर झोपणाऱ्याच्या पिशव्या रात्रीत चोरीला जातात, कधी रेल्वे पोलीस झडतीत सगळं फेकून देतात. रविवारी आणि सणाला केंद्र बंद, ते वेगळंच. गणपतीत तर खोलीपर्यंत पोहोचायचा रस्ताच मांडवाने अडलेला असायचा.

झोळी पहाटे साडेपाचला निघू शकते. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो, बाकीचे मुद्दे त्यामागून येतात.

झोळीत काय असावं? सुया, सिरिंज, स्पिरिट स्वॅब, कंडोम, थोडी मलमपट्टी आणि वापरलेल्या सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा. सिरिंज कुठल्या घ्यायच्या हे वापरणाऱ्यांना विचारून ठरवा. सुई कायमची जोडलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये मागे रक्त फार कमी उरतं, म्हणून लागणीच्या दृष्टीने ती बरी. पण ज्यांच्या हाताच्या शिरा संपल्या आहेत त्यांना ती पुरत नाही आणि ते ती टाकून देतात. आम्ही दोन्ही प्रकार ठेवायचो. संख्येचा अंदाज हवा असेल तर जागतिक पातळीवर माणशी वर्षाला किमान २०० सिरिंज हे चांगल्या वाटपाचं माप धरलं गेलं. दिवसातून तीनदा घेणाऱ्याला हजारावर लागतात. तेव्हा हात आखडू नका.

‘जुनी आणा, नवी घ्या’ ही अट घालू नये, असंच मी सुचवेन. ऐकायला ती शिस्तीची वाटते. पण वापरलेली सुई खिशात ठेवून स्टेशनवरून यायचं म्हणजे झडतीला आमंत्रण, आणि ज्याच्याकडे जुनी नाही त्यालाच नव्या सुईची जास्त गरज असते. परत आणणाऱ्याचं मनापासून कौतुक करा, रुळांच्या कडेला पडलेल्या सुया चिमट्याने उचला, पण नवी सुई अडवून ठेवू नका. गंमत म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन तिथेच उभे राहू लागलो तेव्हा सुया आपोआप जास्त परत यायला लागल्या.

झोळी कुणाच्या खांद्यावर द्यायची हा खरा अवघड भाग. नशा केलेला किंवा अजून करणारा, पण वस्तीत ज्याचा शब्द चालतो असा पीअर हवा. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली हिपॅटायटिस-बीच्या काळजीने सुयावाटप सुरू झालं ते नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने, हे मला नेहमी बोलकं वाटतं. कोणत्या पुलाखाली आज माणसं हलली, कोण तापाने पडून आहे, हे पीअरला आपल्या आधी कळतं. बायकांपर्यंतही तीच वाट जाते. पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्या सहसा येत नाहीत. ओळखीची ताई शौचालयाजवळ भेटली तर बोलतात. मात्र पीअरला मानधन वेळेवर द्या. त्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट राबवायचं असेल तर झोळीच्या वाटेला जाऊ नका.

झोळीचे तोटेही सांगायला हवेत. पोलीस अडवतात. ओळखपत्र, पोलीस ठाण्यात आधी दिलेलं पत्र आणि त्याची प्रत जवळ असली की बहुतेक वेळा निभावतं, पण ठाण्यातले साहेब बदलले की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात हाल होतात. कार्यकर्त्याला सुई टोचण्याचा धोका असतो, तेव्हा जवळच्या सरकारी रुग्णालयात पीईपीची (सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण टाळणारी) औषधं कुठल्या खिडकीवर मिळतात हे आधीच विचारून ठेवा, कारण ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी बरी. जखमा रस्त्यावर जेमतेम पुसता येतात. तिथे खोलीची उणीव फार जाणवते.

ती उणीव आम्ही जवळच्या दवाखान्याशी बोलून काही अंशी भरून काढली. आठवड्यातल्या ठरलेल्या दुपारी तिथली नर्स आमच्या माणसांसाठी वेळ ठेवायची आणि पीअर सोबत जायचा. खोलीसारखं ते नाही, पण चाललं.

तुमच्याकडे नशा करणारे एका छोट्या गावात विखुरलेले असतील, घरात राहत असतील, किंवा एखाद्या रुग्णालयाच्या आवारात सकाळी सातला उघडता येईल अशी जागा मिळत असेल, तर खोलीने सुरुवात करणं शहाणपणाचं ठरेल. रेल्वेच्या कडेने आणि पुलाखाली राहणाऱ्यांसाठी काम करायचं असेल तर मी भाड्याचे पैसे वाचवून दोन चांगले पीअर घेईन आणि खोलीचा विचार दुसऱ्या वर्षावर टाकीन.

ठरवण्याआधी पहाटे तिथे एकदा स्वतः जाऊन या, सोबत ओळखीचा माणूस घेऊन. आणि पहिल्या खरेदीत सुयांच्या जोडीने डबेही पुरेसे घ्या. डबा झोळीत उभा राहतो का, हे दुकानातच बघून घ्या.