ऑफिससाठी स्विच घेताय? साधा, स्मार्ट, मॅनेज्ड की पीओई

नेटवर्क स्विच म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर, प्रिंटर केबलने एकमेकांना जोडणारा डबा. चार-पाच कॉम्प्युटर नि एक प्रिंटर असेल तर साधा अनमॅनेज्ड, म्हणजे काहीच सेटिंग नसलेला, स्विच बास झाला. पिन लावा, केबल खोचा, विसरून जा. फक्त 10/100 वाला (जास्तीत जास्त 100 एमबीपीएस वेगाचा) उचलू नका, गिगाबिटच (1000 एमबीपीएस) घ्या, कारण हल्ली ब्रॉडबँडच बऱ्याचदा 100 च्या वर असतं आणि मग स्विचच आडवा येतो.

साध्या स्विचला सहसा लूप कळत नाही, म्हणजे एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच्यात खोचली की डेटा गोल गोल फिरत राहतो. आमच्याकडे झाडलोट करताना टेबलाखाली लोंबणारी केबल कुणीतरी भल्या मनाने रिकाम्या पोर्टात खोचली, दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये, झालं! सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत, बिलिंग बंद, आणि आम्ही दोन तास इंटरनेटवाल्याला शिव्या घालतोय.

स्मार्ट स्विच थोडा महाग, पण ब्राउझरमध्ये सेटिंग उघडतं, बहुतेकांत लूप पकडायची सोय असते आणि व्हीएलॅन पाडता येतात, म्हणजे गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं नि बिलिंगचे कॉम्प्युटर वेगळे, डबा तोच. फक्त राउटरलाही व्हीएलॅन कळायला हवं, ते आधी बघा. दुकान, क्लिनिक, क्लासेस असल्यांना माझं मत यालाच.

पूर्ण मॅनेज्ड, कमांड लाइन (कमांड टाइप करून सेटिंग) वगैरे, सांभाळणारा माणूस पगारावर असेल तरच. नाहीतर पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

आता कॅमेरे लावायचे असतील तर पीओई बघावा लागेल, म्हणजे डेटा नि करंट एकाच केबलमधून. इथे लोक पोर्ट मोजतात आणि वॅट विसरतात. साध्या पीओईत (स्टँडर्डचं नाव 802.3एएफ) एका पोर्टाला 15.4 वॅट, केबलमध्ये घट जाऊन कॅमेऱ्याला 12.95 ची खात्री. पीओई प्लस म्हणजे 30 नि 25.5. साध्या पीओईचे आठही पोर्ट पूर्ण ओढायचे तर 123 वॅट लागतात आणि खोक्यावर पॉवर बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टांना मिळून मिळणारे वॅट, बऱ्याचदा लिहिलेलं असतं 65! दिवसा सगळं गोड चालतं, रात्री नाइट व्हिजनचे दिवे पेटले की कॅमेरे एकेक करून रीस्टार्ट मारतात, आणि दोष जातो कॅमेऱ्याला. चोवीस पोर्टांच्या पीओईत बऱ्याचदा पंखा असतो, तो डोक्याशी ठेवू नका, वैताग येतो.

आणि हो, केबल तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण लांब ओढली की करंट वाटेतच जिरतो, मग स्विच कितीही भारी असो, टोकाचा कॅमेरा चालू-बंदच होत राहणार.