बॅटरीवाल्या फोल्डिंग सायकलींपायी ६२,७५० रुपये गेले

पैसे गेल्याचा राग आहेच, पण लाज त्याहून जास्त वाटते. माझा जन्म कापूस मोजण्यात गेला. काट्यावर दोन किलो मारले तर व्यापाऱ्याशी भांडणारा माणूस मी. आणि ३८ किलोच्या मालाच्या जागी २४ किलोचा माल माझ्या हातात दिला, तो मी सही करून घेतला.

गेल्या वर्षी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आत पलंग, ओटा, इन्व्हर्टर बसवला. लोणार झालं, मोहर्ली झालं, चिखलदरा दोनदा झालं. सगळीकडे एकच त्रास. एकदा गाडी लावून अंथरूण टाकलं, की दुधाच्या पिशवीसाठीही सगळा पसारा आवरून गाडी काढावी लागते. दोन फोल्डिंग ई-सायकली पलंगाखाली मावल्या असत्या आणि चिखलदऱ्यात गाडी एका जागी ठेवून गाविलगडापर्यंत आरामात जाता आलं असतं. ३६ व्होल्ट १० एएचच्या दोन बॅटऱ्या गाडीतल्या १५० एएचच्या बॅटरीवर रात्रीतून चार्ज होतील, हा हिशोबही मी वहीत मांडला होता. आंधळेपणाने घेतल्या नाहीत, एवढंच सांगायचं आहे.

जाहिरात मोबाईलवर दिसली. एकीचे ३१,५००, जोडी घेतली तर ५६,०००. बोलणारा पुण्याचा म्हणे, गोड बोलायचा, व्हिडिओ कॉलवर सायकल उघडून-मिटून दाखवली. बुकिंगचे ५,०००, बिल आल्यावर ५१,०००. मग फोन आला की लिथियम बॅटरी धोक्याच्या मालात मोडते, तिचं डिपॉझिट ५,६००, माल मिळाल्यावर परत. तेही भरले. परत मिळणारं डिपॉझिट कोणी मागितलं की तिथेच फोन ठेवा.

बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकायला एक मिनिट लागतं. मी टाकला, पण महिनाभराने. निघाला कपड्याच्या दुकानाचा. ५०० वॅट मोटर, ४५ चा स्पीड, तरी लायसन नको, पासिंग नको, असंही तो म्हणाला होता. ती सूट २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या गाडीलाच आहे.

पण हे सगळं सोडा. खरी वेळ होती ट्रान्सपोर्टच्या गोदामातली. भाड्याचे १,१५० दिले. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, स्वच्छ लिहिलेलं: नग २, वजन २४ किलो. जाहिरातीत एक सायकल १९ किलोची. मी दोन्ही खोके दोन हातांत धरून गाडीपर्यंत चालत नेले. मुलगा म्हणाला, "बाबा, लय हलके आहेत." मी म्हटलं, "काहून बडबड करतं, मागचं दार उघड." गोदामवाला शटर ओढत होता, दिवाळी चार दिवसांवर होती, घरी सगळे वाट पाहत होते. 'माल सुस्थितीत मिळाला'खाली सही मारली.

घरी खोके उघडले. साध्या फोल्डिंग सायकली, मागच्या चाकाच्या आसाभोवती मोटरसारखं दिसणारं प्लास्टिकचं झाकण. बॅटरीच्या डब्याचे चार स्क्रू काढले. आत चिकटपट्टीने बांधलेले चार सेल आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या पिशवीत वाळू. ३६ व्होल्टला दहा सेल तर नुसते एका ओळीतच लागतात. खोका ट्रान्सपोर्टवाल्यासमोरच उघडा, व्हिडिओ काढा, मगच सही करा. तो कितीही ओरडो.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन अकरा दिवस झाले होते. तुम्ही तासाभरात करा.

मग फेऱ्या सुरू. पोलीस ठाण्यात म्हणे, "माल भेटला ना भाऊ? मग फसवणूक कायची? ग्राहक मंचात जा." मी वाळूची पिशवी टेबलावर ठेवली, तर ती उचलायला सांगितली. जिल्ह्याला गेलो, तिथे म्हणे ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यात म्हणे जिल्ह्याचं पत्र आल्याशिवाय देता येत नाही. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकला. अरे, मीच टाकला, पण खोटं बिल पाहून टाकला! ऐन कापूस वेचणीत, मजूर शेतात सोडून, मी पाच फेऱ्या मारल्या आणि हातात पोचपावतीसुद्धा नाही. चोराने एकदा लुटलं, यांनी पाच वेळा उन्हात उभं केलं. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा, दिल्याशिवाय उठू नका.

ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. भाचा पुण्यात असतो, त्याला बिलावरच्या पत्त्यावर पाठवलं. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे.

तो नंबर अजून चालू आहे. परवा त्याच्या स्टेटसला तीच सायकल होती, तेच ३१,५००. फोटो काढून ठेवलाय. सोमवारी सायकली गाडीत टाकून परत ठाण्यात जातो आहे.